स्वाहिली शिकताना शब्दाच्या सुरुवातीकडे बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

७ जुलै हा जागतिक किस्वाहिली दिन, म्हणजे स्वाहिली भाषेचा दिवस. युनेस्कोने २०२१ मध्ये तो जाहीर केला, आणि पुढच्याच वर्षी आफ्रिकन युनियनने स्वाहिलीला आपल्या कामकाजाच्या भाषांत घेतले. या भाषेविषयीची उत्सुकता वाढते आहे ही आनंदाची गोष्ट आहे. पण तिच्याबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘आफ्रिकेतली सगळ्यांत सोपी भाषा, घरबसल्या महिन्याभरात जमते.’ या वाक्याने स्वतः शिकणाऱ्यांचे फार नुकसान होते. सोपी म्हणून तिला दिवसाची उरलीसुरली पंधरा मिनिटे मिळतात, सोपी म्हणून तिच्या जोडीला आणखी एक नवी भाषा घेतली जाते, आणि पहिली खरी चढण लागली की दोन्ही वह्या बंद होतात. ती चढण नेमकी कुठे आहे आणि शेजारी दुसरी भाषा असेल तर काय करावे, हे मांडण्यासाठी हे पत्र.

सोपेपणा खरा आहे तेवढा मान्य करू. लिपी रोमन, आणि लिहिले तसेच वाचायचे. स्वर पाचच. स्वाहिली आफ्रिकेतल्या ज्या बांटू भाषाकुळात मोडते, त्यातल्या बहुतेक भाषांत सुराच्या चढउताराने अर्थ बदलतो, स्वाहिलीत तो प्रकार नाही. ‘तो’ आणि ‘ती’ यांना एकच रूप. तरीही अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकाला स्वाहिलीत कामापुरते तयार करायला पूर्णवेळ वर्गाचे सुमारे ३६ आठवडे, म्हणजे ९०० तास धरते. रोज पाऊण तास देणाऱ्याला एवढे तास भरायला तीन वर्षांहून अधिक काळ लागेल. हा आकडा घाबरवण्यासाठी नाही. ‘महिन्याभरात’ या शब्दाची त्याच्याशी तुलना करून पाहावी, एवढ्यासाठीच दिला.

मराठीत शब्द शेवटी बदलतो: घर, घराला, घरात, घरे. स्वाहिलीत तो सुरुवातीला बदलतो. म्तोतो म्हणजे मूल, वातोतो म्हणजे मुले. किताबू म्हणजे पुस्तक, विताबू म्हणजे पुस्तके. किताबू हा शब्द अरबीतून आला आणि अरबीत त्यातला ‘कि’ हा उपसर्ग नव्हेच, पण स्वाहिलीने त्याला आपल्या कि-वि वर्गात बसवले आणि ‘वि’ लावून त्याचे अनेकवचन केले. नामांचे असे वर्ग आहेत (जोडनावातली पहिली खूण एकवचनाची, दुसरी अनेकवचनाची): म-वा वर्ग माणसांचा, म-मि वर्गात झाडे आणि इतर बरेच काही, जि-मा वर्गात फळे आणि अनेक वस्तू, कि-वि वर्गात अवजारे, वस्तू आणि भाषांची नावे, न-वर्गात उरलेले असंख्य शब्द, शिवाय उ-वर्ग आणि जागा दाखवणारे वर्ग. नवशिका ही यादी पाठ करतो आणि आपल्याला नामवर्ग आले असे समजतो. पण अडचण नामाची नाहीच. नामाचा वर्ग ठरला की त्याच्यामागून येणारे ‘माझे’, ‘चांगले’, ‘दोन’, ‘हे’ आणि शेवटी क्रियापद, सगळ्यांना त्या वर्गाची खूण लावावी लागते. कठीण जाते ते हे, आणि तेही साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पहिल्या उत्साहाचा भर ओसरत असतानाच.

इथे मराठी माणसाच्या हाती एक मोठे भांडवल आहे आणि ते कोणी वापरत नाही. ‘माझे चांगले पुस्तक पडले, माझी चांगली पुस्तके पडली’ हे वाक्य आपण विचार न करता बोलतो. त्यात चार शब्द एकाच वेळी बदलतात. स्वाहिलीत तेच असे होते: किताबू चांगू किझुरी किमेआंगुका, विताबू व्यांगू विझुरी विमेआंगुका. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ही कल्पनाच नवी असते, कारण त्याचे विशेषण जागचे हलत नाही. आपल्याला फक्त दोन सवयी बदलायच्या आहेत: खूण शेवटी न लावता सुरुवातीला लावायची, आणि विशेषण नामाच्या आधी न ठेवता नंतर ठेवायचे. षष्ठीचेही तसेच. ‘मुलाचा, मुलाची, मुलाचे’ यात ‘चा-ची-चे’ जसे मालकाकडे न बघता मालकीच्या वस्तूकडे बघते, तसेच स्वाहिलीत ‘किताबू चा म्तोतो’ म्हणजे मुलाचे पुस्तक, ‘कालामू या म्तोतो’ म्हणजे मुलाचे पेन. इंग्रजी माध्यमातली पुस्तके या नियमावर पानेच्या पाने खर्च करतात. मराठी वाचकाला ‘चा-ची-चे आठवा’ एवढे सांगितले तरी निम्मे काम होते.

म्हणून पहिल्या दिवसापासून सुटा शब्द वहीत लिहू नये. प्रत्येक वर्गाचे एक नाम घ्यावे आणि ते पूर्ण वाक्यात एकवचन-अनेकवचनाच्या जोडीने म्हणावे. पुस्तकाची जोडी वर दिलीच. मुलाची जोडी: म्तोतो वांगू म्झुरी आमेआंगुका, वातोतो वांगू वाझुरी वामेआंगुका. झाडाची: म्ती वांगू म्झुरी उमेआंगुका, मिती यांगू मिझुरी इमेआंगुका. फळाची: तुंदा लांगू झुरी लिमेआंगुका, मातुंदा यांगू माझुरी यामेआंगुका. घराची: न्युंबा यांगू न्झुरी इमेआंगुका, न्युंबा झांगू न्झुरी झिमेआंगुका. या दहा वाक्यांत सुरुवातीच्या सहा महिन्यांचे बहुतेक व्याकरण सामावले आहे. रोज मोठ्याने दहा मिनिटे म्हणावीत, मग ‘पडले’च्या जागी दुसरे क्रियापद घालावे, ‘माझे’च्या जागी ‘तुझे’ घालावे. शेवटच्या जोडीकडे नीट पाहा: न-वर्गात नाम एकवचनात आणि अनेकवचनात सारखेच राहते, फरक फक्त ‘यांगू-झांगू’ आणि ‘इमे-झिमे’ यांत दिसतो. सुटे शब्द पाठ करणारा नेमका इथे अडखळतो, कारण त्याच्या पाठांतराच्या कार्डावर ‘न्युंबा’ एवढेच लिहिलेले असते.

मग अपवाद येतात, आणि ते आधीच माहीत असलेले बरे. प्राणी कोणत्याही वर्गातल्या रूपात असला तरी क्रियापद माणसासारखे घेतो: किबोको म्हणजे पाणघोडा, तो झोपला तर ‘आमेलाला’, ‘किमेलाला’ नव्हे. नात्या-मैत्रीचे पुष्कळ शब्द मात्र ‘माझा-माझी’पुरते न-वर्गात राहतात आणि क्रियापदात माणसांकडे जातात: राफिकी यांगू आमेफिका, म्हणजे माझा मित्र आला. अरबीतून आलेली पुष्कळ विशेषणे, उदाहरणार्थ घाली म्हणजे महाग, साफी म्हणजे स्वच्छ, राहिसी म्हणजे सोपे, कोणतीच खूण घेत नाहीत. त्यांना ‘कि’ लावण्याचा मोह आवरावा. आकड्यांत तर दोन्ही प्रकार एकाच रांगेत आहेत. दोन, तीन, चार, पाच आणि आठ खूण घेतात: विताबू विविली, वितातू, विन्ने, वितानो, विनाने. सहा, सात, नऊ हे सिता, साबा, तिसा असे अरबीतून आलेले आकडे आणि दहाचा कुमी, खूण घेत नाहीत. एक ते दहा नुसते पाठ करणाऱ्याला हा फरक कधी दिसतच नाही.

क्रियापदाची जोडणी त्या मानाने सरळ आहे. कर्ता, काळ, कर्म आणि धातू या क्रमाने तुकडे जोडायचे. निनासोमा म्हणजे मी वाचतो आहे, निलिसोमा म्हणजे मी वाचले, निमेसोमा म्हणजे मी वाचले आहे, नितासोमा म्हणजे मी वाचेन. गोंधळ होतो तो नकारात. वर्तमानकाळात नकार आला की काळाचा ‘ना’ गळतो आणि शेवटचा ‘आ’ बदलून ‘ई’ होतो: सिसोमी. जवळजवळ प्रत्येक नवशिका इथे ‘सिनासोमा’ म्हणतो. भूतकाळात सिकुसोमा, पूर्ण काळात सिजासोमा म्हणजे अजून वाचलेले नाही, भविष्यात सितासोमा. म्हणून होकार आणि नकार वेगवेगळ्या पाठांत शिकू नयेत, चारही जोड्या एकाच पानावर ठेवाव्यात. कुरूदी म्हणजे परतणे, कुजीबू म्हणजे उत्तर देणे, अशी अरबी मुळाची क्रियापदे शेवटचा स्वर बदलत नाहीत: सिरूदी, सिजीबू. खाणे, पिणे, येणे यांसारखे एकाच अक्षराचे धातू होकारात ‘कु’ सोडत नाहीत: निनाकुला म्हणजे मी खातो आहे. वर्तमानकाळाच्या नकारात तो जातो: सिली.

कर्माच्या बाबतीत मराठी पुन्हा मदतीला येते. आपण ‘पुस्तक पाहिले’ म्हणतो पण ‘मुलाला पाहिले’ म्हणतो, सजीव कर्माला ‘ला’ लावतो. स्वाहिलीतही ‘निमेओना किताबू’ चालते, पण माणूस कर्म असेल तर क्रियापदाच्या पोटात त्याची खूण घालावी लागते: निमेम्वोना म्तोतो. पुस्तक आधीच बोलण्यात आलेले असेल, ठरावीक असेल, तर त्यालाही खूण मिळते: निमेकिओना. मराठीत ‘ला’ जिथे आपोआप येतो तिथे स्वाहिलीत मधली खूण हवी का, हे स्वतःला विचारण्याची सवय लावली तर ही बाजू लवकर बसते.

शब्दकोश वापरायलाही शिकावे लागते, आणि हे कोणी सांगत नाही. ‘हावाताकिसोमा’ हा शब्द कोशात कुठेच सापडणार नाही. त्याचे तुकडे पाडावे लागतात: हा नकार, वा म्हणजे ते लोक, ता भविष्य, कि म्हणजे ते पुस्तक, सोमा धातू. ते लोक ते पुस्तक वाचणार नाहीत. क्रियापद कोशात ‘कु’ काढून धातूखाली शोधायचे, विशेषण खूण काढून मुळाखाली. भाषांतराची अ‍ॅप्स तयार वाक्य हातात देतात आणि हे सांधे झाकून टाकतात. पहिले तीन महिने अ‍ॅपला वाक्य विचारण्याआधी तुकडे स्वतः पाडून पाहावेत.

उच्चारात मराठी माणसाच्या चुका ठरलेल्या आहेत. स्वाहिलीतला च नेहमी चंद्रातला, चमच्यातला कधीच नाही. ज नेहमी जन्मातला. या पत्रात झ लिहिलेला आवाज मात्र जहाजातल्या ज-सारखा आहे. त आणि द लिहिले आहेत तिथे जीभ दातांच्या मुळाशी टेकवावी, मराठी त आणि ट यांच्या मधोमध. शब्दाच्या सुरुवातीचा म स्वतंत्र अक्षर आहे: म्-तो-तो अशी तीन अक्षरे. ‘मतोतो’ही नाही आणि ‘उम्तोतो’ही नाही. वाङ्मयातला ङ आपल्याला माहीत आहे, तोच ङोंबे म्हणजे गाय या शब्दात सुरुवातीला येतो. सगळ्यांत जड जातो तो व. रोमन लिपीत तिथे दोन अक्षरे आहेत आणि दोन वेगळे आवाज आहेत: एकात वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्यात ओठ गोल होतात. विताबूचा व पहिला, वातोतोचा दुसरा. देवनागरीत दोन्ही एकच दिसतात, म्हणून वहीत स्वाहिली रोमनमध्येच लिहावी. इथे देवनागरी वापरली ती फक्त वृत्तपत्राच्या सोयीसाठी. आघात जवळजवळ नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो. शब्दाच्या शेवटी काही जोडून तो लांबला की आघातही पुढे सरकतो, हे कानाने पकडावे लागते.

शब्दसंग्रहात आपल्याला बरेच काही फुकट मिळते: दुनिया, सबब, हवा, साबण, तारीख, हिशेब, तयार, पैसा यांची भावंडे स्वाहिलीत दुनिया, साबाबू, हेवा, साबूनी, तारेहे, हेसाबू, तायारी, पेसा अशी भेटतात. गाडीची झाली गारी, आणि ती जि-मा वर्गात गेल्यामुळे अनेकवचन मागारी. नात्याच्या शब्दांत मात्र सावध राहावे. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, काका म्हणजे मोठा भाऊ आणि दादा म्हणजे मोठी बहीण.

आता शेजारच्या भाषेचा प्रश्न. दोन भाषा एकत्र शिकू नयेत असे नाही. पण दोन्ही एकाच पायरीवर असतील तर त्या एकमेकींच्या जागा खातात. एक भाषा किमान साधा मजकूर वाचता येण्याइतकी पुढे गेलेली असावी, म्हणजे तिला फक्त वाचन-श्रवण देऊन चालते आणि पाठांतराची सगळी ताकद स्वाहिलीला मिळते. झुलू, लिंगाला, लुगांडा यांपैकी कोणतीही बांटू भाषा जोडीला नवशिक्या अवस्थेत घेऊ नये. नामवर्ग तेच, पण खुणा वेगळ्या, आणि दोन्हींची सरमिसळ होऊन काहीच पक्के होत नाही. अरबी चालते, शब्दांत मदत करते. मात्र अरबीत किताबचे अनेकवचन कुतुब आणि स्वाहिलीत विताबू, हे एकदाच मनाशी नीट लावून घ्यावे. जर्मन शिकणाऱ्याने रोमन अक्षरांपासून जपावे, कारण स्वाहिलीत गोल ओठांनी म्हणायचे अक्षर जर्मनमध्ये दातांचा व होते, आणि जहाजातल्या ज-चे अक्षर तिथे ‘त्स’ होते. स्पॅनिशचे पाचही स्वर जुळतात, पण स्वाहिलीत ज-साठी असलेले अक्षर स्पॅनिशमध्ये घशातला ख होते. मिसळ सुरू झाल्याची पहिली खूण ‘आणि’, ‘पण’, ‘कारण’ अशा बारीक शब्दांत दिसते: वाक्य स्वाहिली आणि मधला ‘पण’ फ्रेंच. म्हणून हे शब्द सुटे पाठ न करता चार-पाच पक्क्या वाक्यांत बसवून ठेवावेत.

वेळेची विभागणी पहिले बारा आठवडे तरी समान ठेवू नये. स्वाहिलीला रोज चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे, त्यांतली दहा वर दिलेल्या वाक्यजोड्यांना, पंधरा नव्या पाठाला, दहा जुन्या कार्डांना, उरलेली ऐकण्याला. दुसऱ्या भाषेला एक दिवसाआड अर्धा तास, शक्यतो दिवसाच्या दुसऱ्या टोकाला. नवी कार्डे दोन्ही भाषांची मिळून दिवसाला पंधरापेक्षा जास्त नकोत. उजळणीचा ढीग तिसऱ्या आठवड्यात वाढू लागतो आणि तेव्हा लोक पाठ सोडून कार्डेच उलटत बसतात. एखादा आठवडा बुडाला तर नवे काही घेऊ नये, फक्त वाक्यजोड्या आणि उजळणी. बारा आठवड्यांचा क्रम असा ठेवावा: आधी म-वा आणि कि-वि वर्ग वर्तमानकाळासह, पाचव्या आठवड्यापासून जि-मा आणि म-मि भूतकाळासह, आठव्यापासून न-वर्ग, सगळ्या नकारांची एकत्र उजळणी आणि कर्माच्या खुणा. उ-वर्ग आणि जागेचे वर्ग नंतर आले तरी काही अडत नाही.

घड्याळही याच काळात शिकून घ्यावे. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात: सकाळचे सात म्हणजे सा मोजा, पहिला तास, आणि दुपारचे बारा म्हणजे सा सिता, सहावा. सहा तासांचा फरक डोक्यात बसला नाही तर ठरलेली प्रत्येक भेट चुकते. वडीलधाऱ्या माणसाला ‘शिकामोओ’ म्हणायचे आणि त्यांच्याकडून ‘माराहाबा’ हे उत्तर येते. परदेशी माणसांच्या तोंडी बसलेले नुसते ‘जांबो’ तिथे अपुरे पडते.

ऐकण्यासाठी बीबीसी आणि डॉइचे वेले यांच्या स्वाहिली सेवा आहेत. वाचनासाठी टांझानियाचे म्वानांची आणि केनियाचे ताइफा लेओ ही दैनिके. प्रमाण स्वाहिली झांझिबारच्या बोलीवर उभी आहे आणि बातम्यांत तीच असते. नैरोबीच्या तरुणांची शेंग ही मिश्र बोली आकर्षक आहे, पण नामवर्ग पक्के होईपर्यंत तिच्यापासून लांब राहावे, कारण तिथे खुणा सैल होतात आणि नवशिक्याला ते कळत नाही. बातमीपत्र सुरुवातीला पूर्ण ऐकू नये. दोन मिनिटांचा तुकडा घेऊन तो तीनदा ऐकावा, चौथ्यांदा थांबवत थांबवत लिहून काढावा.

आपल्या वृत्तपत्रात परकी भाषा शिकण्याविषयी जेव्हा लेख किंवा सदर येईल, तेव्हा स्वाहिलीची शंभर शब्दांची यादी न देता अशा दहा वाक्यजोड्या द्याव्यात, अशी आग्रहाची विनंती आहे. बाराव्या आठवड्याच्या शेवटी शिकणाऱ्याने एका छोट्या बातमीतल्या दहा ओळी घ्याव्यात, प्रत्येक नामाखाली रेघ मारावी, त्याची खूण लागलेला प्रत्येक शब्द शोधावा आणि मग एकवचनी वाक्ये अनेकवचनात लिहावीत. चुका दोन-तीनच राहिल्या तर दुसऱ्या भाषेची वेळ बेलाशक वाढवावी. जास्त राहिल्या तर चुका कोणत्या वर्गात पडल्या ते पाहून त्या वर्गाच्या वाक्यजोड्या आणखी तीन आठवडे रोज म्हणाव्यात आणि हीच चाचणी नव्या बातमीवर घ्यावी.

आपला,
एक भाषाशिक्षक